सरफेसीची नोटीस आल्यावर घर कसे वाचवायचे: तारखा, हक्क आणि हातातून निसटणाऱ्या संधी

प्रश्न असा आहे: पुण्याजवळच्या फ्लॅटवर बँकेचे ३४ लाख रुपये बाकी आहेत, हप्ता महिना सुमारे ३४ हजारांचा. पाच हप्ते थकले आणि आता बँकेची ६० दिवसांची नोटीस आली आहे. बँक घर खरेच काढून घेऊ शकते का, आणि ते थांबवायचे तर कायद्यात काय मार्ग आहेत?

घेऊ शकते. त्यासाठी तिला आधी कोर्टात दावाही लावावा लागत नाही. २००२ च्या सरफेसी कायद्याने बँकांना तारण मालमत्ता स्वतः ताब्यात घेऊन विकण्याचा अधिकार दिला आहे. कोर्ट मध्ये येते ते बहुधा तुम्ही आणले म्हणून. मात्र या कायद्यातली प्रत्येक पायरी तारखेला बांधलेली आहे. घरे जातात ती बहुतेक वेळा पैसे नसल्याने नव्हे, तर पैसे किंवा अर्ज चुकीच्या तारखेला पोचल्याने. म्हणून पुढचे सगळे कॅलेंडर समोर ठेवून वाचा.

सुरुवात नोटिशीच्या बरीच आधी होते. समजा ३१ मार्चचा हप्ता चुकला. हा पहिला इशारा. ३० एप्रिलपर्यंत तो भरला नाही तर खाते दुसऱ्या इशाऱ्याच्या वर्गात जाते, ३० मे रोजी तिसऱ्या आणि २९ जून रोजी एनपीए (अनुत्पादक, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत ठरलेले कर्ज) होते. त्याआधी एक सोय असते. भरलेला पैसा सर्वांत जुन्या थकीत हप्त्याला लागत असेल, तर दरमहा एक हप्ता भरत राहिल्यानेही खाते ९० दिवसांच्या आत राहते. एनपीए झाल्यावर ही सोय संपते. रिझर्व्ह बँकेच्या नोव्हेंबर २०२१ च्या स्पष्टीकरणानुसार, मुद्दल आणि व्याजाची संपूर्ण थकबाकी भरल्याशिवाय खाते पुन्हा नियमित होत नाही. पाचांपैकी तीन हप्ते भरून ‘आता तरी एनपीए काढा’ म्हणणारे अनेक जण असतात. त्यांचा पैसा जमा होतो, पण शिक्का तसाच राहतो. शिवाय एनपीए ठरतो तो कर्जदाराचा, एकट्या खात्याचा नाही. त्याच बँकेतले तुमचे वैयक्तिक कर्ज थकले असेल, तर नियमित चालणारे गृहकर्जही त्याच्यासोबत एनपीएत जाते.

एनपीए झाल्यावर येते कलम १३(२) ची मागणी नोटीस. तुमच्या हातात आहे ती हीच. या टप्प्यावर बँक पाच हप्ते मागत नाही, सगळे ३४ लाख मागते आणि मुदत देते ६० दिवसांची. आकडा पाहून लोक हबकतात आणि काहीच करत नाहीत. वस्तुस्थिती अशी की गृहकर्जाच्या बाबतीत बहुतेक बँका या टप्प्यावर फक्त थकबाकी घेऊन खाते नियमित करायला तयार असतात, कारण घर विकण्यापेक्षा हप्ते चालू झालेले त्यांनाही परवडते. तुमच्या उदाहरणात ती रक्कम पाच हप्त्यांचे १ लाख ७० हजार, अधिक दंड आणि नोटिशीचा खर्च एवढीच आहे. ३४ लाखांची सोय होत नाही म्हणून पावणेदोन लाखांचीही न करणे, ही या प्रकरणांतली सर्वांत महागडी चूक. फक्त हे लक्षात ठेवा, की थकबाकी घेऊन कारवाई थांबवणे ही बँकेची मर्जी आहे, तुमचा हक्क नाही. त्यामुळे शाखेतल्या कोणाच्या तोंडी आश्वासनावर पैसे भरू नका. नोटिशीवर सही करणाऱ्या ‘अधिकृत अधिकाऱ्या’ला ईमेल करा, किती रक्कम भरल्यास नोटीस मागे घेतली जाईल ते लेखी मागा, आणि भरल्यावर नोटीस मागे घेतल्याचे पत्र घ्या. हे पत्र नसेल तर सहा महिन्यांनी पुढचा एखादा हप्ता चुकताच जुन्याच नोटिशीवर ताब्याची कारवाई उभी राहू शकते.

पाकीट परत पाठवू नका. रजिस्टर पोस्ट नाकारल्याने नोटीस लागली नाही असे होत नाही. बँक ती दारावर चिकटवते, दोन वर्तमानपत्रांत छापते आणि कायद्याने ती बजावली गेली असे धरले जाते. तुमचे मात्र ६० दिवस वाया जातात.

या ६० दिवसांत कायद्याने तुम्हाला एक शस्त्र दिले आहे, ते कलम १३(३अ) चे लेखी आक्षेप. बँकेला त्यांचे उत्तर कारणांसह १५ दिवसांत द्यावेच लागते. २००४ च्या मार्डिया केमिकल्स निकालानंतर ही तरतूद आली आणि २०१८ मध्ये आयटीसी विरुद्ध ब्लू कोस्ट हॉटेल्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ती बंधनकारक असल्याचे सांगितले. उत्तर समाधानकारक नसले तरी एवढ्यावरून न्यायाधिकरणात जाता येत नाही. पण इथे लिहिलेला प्रत्येक मुद्दा पुढे उपयोगी पडतो आणि न लिहिलेला मुद्दा नंतर सुचला की ‘पश्चातबुद्धी’ ठरतो. आक्षेप दोन पानांत, आकड्यांत लिहा. एनपीएची तारीख खात्याच्या उताऱ्याशी जुळते का? भरलेला एखादा हप्ता जमा दाखवायचा राहिला आहे का? दंडावर व्याज चढवले आहे का? (रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२३ च्या आदेशानंतर दंड हा ‘शुल्क’ म्हणून वेगळा लावायचा असतो, तो मुद्दलात मिळवून त्यावर व्याज आकारायचे नसते.) सहकर्जदार पत्नीला, जामीनदाराला स्वतंत्र नोटीस गेली आहे का? सही करणारा अधिकारी पुरेशा दर्जाचा आहे का? सरकारी बँकेत तो किमान मुख्य व्यवस्थापक हवा. ‘माझी नोकरी गेली, आई आजारी आहे’ हे खरे असेल तर ते तडजोडीच्या पत्रात लिहा. आक्षेपात त्याचा उपयोग नाही.

याच वेळी आणखी एक कागद शोधा: कर्ज घेताना बँकेने गळ्यात मारलेली विम्याची पॉलिसी. मूळ कर्जदाराचा मृत्यू झाला असेल किंवा त्याला कायमचे अपंगत्व आले असेल आणि त्यामुळे हप्ते थकले असतील, तर कर्ज फेडायची जबाबदारी विमा कंपनीवर येऊ शकते. अशा घरांत वारसांना पॉलिसीचा पत्ताच नसतो.

कायदा तुमच्या कर्जाला लागू होतो का, हेही इथेच तपासायचे. बाकी रक्कम मुद्दल आणि त्यावरील व्याजाच्या २० टक्क्यांपेक्षा कमी उरली असेल तर सरफेसी वापरता येत नाही. शेतजमिनीवर वापरता येत नाही. पण बिनशेती न केलेल्या प्लॉटवर रो-हाउस बांधून ‘सातबाऱ्यावर शेती लिहिले आहे’ असा बचाव घेणाऱ्यांचे चालत नाही. २०२३ च्या के. श्रीधर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की जमीन प्रत्यक्ष शेतीसाठी वापरात असल्याचे कर्जदाराने दाखवायला हवे, नुसती महसुली नोंद पुरत नाही. बिगरबँक वित्त कंपनीचे कर्ज २० लाखांपेक्षा कमी असेल तर तिलाही हा मार्ग बंद आहे. हाउसिंग फायनान्स कंपनी ही वेगळी जात, तिला ही २० लाखांची अट लावू नका. तारणाची नोंद ‘सरसाई’ या केंद्रीय नोंदवहीत नसेल तर जानेवारी २०२० पासून बँकेला ताब्याची कारवाईच करता येत नाही. ही नोंद कोणालाही ऑनलाइन, थोड्या शुल्कात पाहता येते.

सहकारी बँकेचे कर्ज असेल तर ‘सहकारी बँकेला सरफेसी नाही’ हा जुना सल्ला विसरा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुरगूडच्या विश्वासराव पाटील सहकारी बँकेच्या प्रकरणात ५ मे २०२० रोजी घटनापीठाने तो मुद्दा कायमचा निकाली काढला. सहकारी बँकांनाही हा कायदा लागू आहे. पतसंस्था मात्र बँक नव्हे. तिची वसुली महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ च्या दाखल्याने आणि नियम १०७ खालच्या जप्ती-लिलावाने होते. त्या दाखल्याविरुद्ध पुनरीक्षण अर्ज करायचा तर आधी ५० टक्के रक्कम भरावी लागते. म्हणून पतसंस्थेच्या प्रकरणात निबंधकासमोरच्या पहिल्या सुनावणीलाच कागद घेऊन हजर राहणे महत्त्वाचे. ‘नुसती नोटीस आहे’ म्हणून ती तारीख चुकवली की पुढचा दरवाजा फार जड होतो.

६० दिवस संपले की कलम १३(४) खाली ताबा. पहिला ताबा सहसा कागदोपत्री, म्हणजे सांकेतिक असतो. दारावर ताबा नोटीस चिकटते, सात दिवसांत ती दोन वर्तमानपत्रांत येते, त्यातले एक स्थानिक भाषेतले असावे लागते. तुम्ही घरातच राहता. सोसायटीत बभ्रा होतो, आणि त्या लाजेपोटी लोक नोटीस फाडून टाकतात. ती फाडू नका. तिचा आणि वर्तमानपत्राच्या कात्रणाचा तारखेसह फोटो घ्या, कारण तुमचे ४५ दिवस इथून सुरू होतात.

हे ४५ दिवस कलम १७ च्या अर्जाचे. अर्ज कर्जवसुली न्यायाधिकरणात, म्हणजे डीआरटीत करायचा. महाराष्ट्रात ती मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे आहेत. सांकेतिक ताब्याच्या टप्प्यावरही अर्ज करता येतो, घराबाहेर काढले जाईपर्यंत थांबायची गरज नाही, हे २०१८ च्या हिंदन फोर्ज निकालाने पक्के झाले आहे. ‘२० लाखांखालचे कर्ज डीआरटीत चालत नाही’ असे काही वकीलही सांगतात. ती मर्यादा बँकेच्या वसुली दाव्याला आहे, कर्जदाराच्या कलम १७ च्या अर्जाला नाही. शुल्क असे: थकबाकी १० लाखांपर्यंत असेल तर दर लाखाला ५०० रुपये. त्यापुढे ५,००० अधिक १० लाखांवरच्या दर लाखाला २५०, कमाल १ लाख. तुमच्या ३४ लाखांवर ते ११,००० होते. वकिलाची फी वेगळी. अर्ज करण्यासाठी थकबाकीचा कोणताही हिस्सा आधी भरावा लागत नाही, ती अट मार्डिया निकालातच गेली. स्थगिती मात्र फुकट मिळत नाही. न्यायाधिकरण बरेचदा ठरावीक रक्कम ठरावीक तारखेपर्यंत भरण्याच्या अटीवर ती देते, आणि ती तारीख चुकली की स्थगिती आपोआप जाते. म्हणून अर्जासोबत किती पैसे कधी भरू शकता याचा प्रामाणिक तक्ता जोडा. नुसते तांत्रिक दोष घेऊन गेलेला अर्ज आणि दोषांसोबत पैशांचा आराखडा घेऊन गेलेला अर्ज, यांच्याकडे पाहण्याची नजर वेगळी असते.

बँका ताबा नोटिशीच्या सुमारास डीआरटीत कॅव्हेट (‘आमचे ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका’ असा अर्ज) टाकून ठेवतात. त्यामुळे लिलावाच्या आदल्या दिवशी जाऊन एकतर्फी स्थगिती आणू, या भरवशावर राहू नये.

प्रत्यक्ष ताब्यासाठी बँक कलम १४ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाते. नऊ मुद्द्यांचे शपथपत्र असते, आदेश ३० दिवसांत व्हावा, फार तर ६० दिवसांत, असे कायदा म्हणतो. पण ती मुदत उलटली म्हणून आदेश रद्द होत नाही. इथे तुम्हाला बोलावण्याची सक्ती नाही. कलेक्टर कचेरीत हरकतीचा अर्ज देऊन निर्धास्त बसणारे फसतात. फिनिक्स एआरसी या थकीत कर्जे विकत घेणाऱ्या कंपनीविरुद्धच्या बाळकृष्ण रामा तर्ले प्रकरणात २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे, की या टप्प्यावर जिल्हाधिकाऱ्यांना वाद निवाड्यात काढण्याचा अधिकारच नाही. वाद असेल तर डीआरटीत जा. आदेशानंतर तहसीलदार, मंडळ अधिकारी किंवा कोर्टाने नेमलेला वकील-कमिशनर पोलिसांसह येतो, पंचनामा होतो, सील लागते. सील तोडून आत गेलात तर दिवाणी भांडणाचे फौजदारी होते. घरातले सामान तारण नसते. त्याची यादी करून घ्या, प्रत घ्या आणि ते नेण्यासाठी लेखी मुदत मागा.

आता सर्वांत महत्त्वाची तारीख, जिच्याबद्दल सर्वाधिक गैरसमज आहे. पूर्वी विक्री पूर्ण होईपर्यंत कर्ज फेडून मालमत्ता सोडवता येत असे. २०१६ च्या दुरुस्तीनंतर कलम १३(८) प्रमाणे हा हक्क लिलावाची जाहिरात प्रसिद्ध होईपर्यंतच आहे. सप्टेंबर २०२३ च्या सेलिर विरुद्ध बाफना मोटर्स (मुंबई) निकालात हे किती कठोर आहे ते दिसले. नवी मुंबईतल्या मालमत्तेला लिलावात सुमारे १०५ कोटींची बोली आली. त्यानंतर कर्जदाराने १२९ कोटी देऊ केले, बँकही राजी होती, मुंबई उच्च न्यायालयाने परवानगीही दिली. सर्वोच्च न्यायालयाने ते सगळे रद्द करून मालमत्ता बोलीदाराला दिली. जास्त पैसे असूनही उपयोग झाला नाही, कारण ते जाहिरातीनंतर आले.

यातला सापळा असा. विक्रीपूर्वी बँकेने तुम्हाला ३० दिवसांची नोटीस द्यायची असते. ती नोटीस आणि वर्तमानपत्रातली जाहिरात अनेकदा एकाच वेळी निघते. ते ३० दिवस लिलावाला उरलेले असतात, तुमच्या हक्काला नव्हे. म्हणून घर सोडवायचे पैसे ताबा नोटीस आणि विक्रीची जाहिरात यांच्या दरम्यान जमवायचे असतात, आणि ती जाहिरात कधी निघेल ते तुम्हाला कोणी आधी सांगत नाही. भाचीच्या लग्नातून परत येईपर्यंत जाहिरात निघालेली असते. पहिल्या लिलावाला बोलीदार आला नाही तर मात्र बँका बहुधा पुन्हा बोलायला तयार होतात. दुसऱ्या लिलावाची मुदत ३० ऐवजी १५ दिवसांची असते, तेव्हा ती फट लहान आहे.

लिलाव जाहीर झालाच तर तपासायच्या गोष्टी वेगळ्या. राखीव किंमत मान्यताप्राप्त मूल्यांककाच्या अहवालावर ठरवायची असते. दोन वर्षे जुना अहवाल वापरला असेल किंवा किंमत रेडी रेकनरच्याही खाली असेल, तर स्वतःच्या खर्चाने दुसऱ्या मान्यताप्राप्त मूल्यांककाचा अहवाल करून डीआरटीत जोडा. ‘किंमत कमी आहे’ एवढ्या वाक्याला वजन नसते. यशस्वी बोलीदाराने २५ टक्के रक्कम त्याच दिवशी किंवा पुढच्या कामाच्या दिवशी भरायची असते, उरलेली १५ दिवसांत. लेखी संमतीने ही मुदत वाढते, पण तीन महिन्यांपलीकडे नाही. यात कसूर झाली असेल तर विक्रीला आव्हान देण्यासारखे काही हाती लागते. विक्रीची नोटीस ही नवी पायरी असल्याने तिच्याविरुद्धही ४५ दिवसांत अर्ज होतो.

डीआरटीत हरलात तर अपिलीय न्यायाधिकरण, मुदत ३० दिवस. तिथे कर्जदाराला थकबाकीच्या ५० टक्के रक्कम भरावी लागते, ती २५ टक्क्यांपर्यंतच कमी होऊ शकते. ३४ लाखांवर किमान साडेआठ लाख. सामान्य माणसासाठी खरी लढाई डीआरटीतच संपते ती या आकड्यामुळे. दिवाणी कोर्टाचा मनाई हुकूम कलम ३४ ने बंद आहे. उच्च न्यायालय २०१० च्या सत्यवती टंडन निकालापासून अशा याचिकांना ‘आधी डीआरटीत जा’ म्हणते. डीआरटीत पीठासीन अधिकारीच नसेल, किंवा बेकायदेशीरपणा उघड असेल, तर गोष्ट निराळी. बँकिंग लोकपालाकडे वसुली एजंटाची तक्रार जरूर करा (सकाळी ८ पूर्वी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचे फोन करायचे नसतात), पण त्या तक्रारीने ताबा थांबत नाही. बिल्डरने घर वेळेत दिले नाही म्हणून हप्ते थांबवणाऱ्यांनीही हे समजून घ्यावे: महारेरातली तक्रार बिल्डरविरुद्ध असते, बँकेचा करार तिच्यामुळे स्थगित होत नाही.

हप्ते परत सुरू करणे शक्यच नसेल तर लढण्यापेक्षा स्वतः विकणे बरे, आणि हा मार्ग लोक फार उशिरा निवडतात. १३(२) ची नोटीस आल्यानंतर बँकेच्या लेखी संमतीशिवाय घर विकता किंवा भाड्याने देता येत नाही, पण गिऱ्हाईक दाखवले तर संमती बहुधा मिळते. बँकेकडून पूर्ण परतफेडीचे पत्र आणि तारण कागदपत्रांची यादी घ्या. खरेदीदाराच्या बँकेचा धनाकर्ष थेट तुमच्या कर्जखात्यावर काढून घ्या. ताबा सील नसलेल्या, दाखवता येणाऱ्या घराला मिळणारी किंमत लिलावात मिळत नाही. लिलावातून आलेल्या पैशातून आधी खर्च, मग कर्ज वळते होते. उरले तर ते तुमचे, आणि बँक स्वतःहून देत नसेल तर मागून घ्या. कमी पडले तर उरलेली रक्कम बँक पुढेही वसूल करू शकते, घर गेल्याने कर्ज मिटत नाही.

एकरकमी तडजोडीचा मार्ग आहे, पण तो हक्क नाही. बिजनौर अर्बन सहकारी बँकेच्या २०२१ च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तसे सांगितले आहे. चांगले तारण असलेल्या गृहकर्जात बँक मुद्दल सोडत नाही, दंड आणि काही व्याजावर बोलते. कर्ज मालमत्ता पुनर्रचना कंपनीला विकले गेले असेल तर तिथे थोडी जास्त लवचिकता दिसते, कारण तिने ते सहसा कमी किमतीत घेतलेले असते. लोकअदालतीची नोटीस आली तर जरूर जा, मात्र तिथे सही केलेली तडजोड अंतिम असते. एक हप्ता चुकला तर मूळ थकबाकी परत जिवंत होण्याची अट त्यात असते, ती वाचून सही करा.

कर्ज फिटले की मूळ कागदपत्रे ३० दिवसांत परत मिळायला हवीत. डिसेंबर २०२३ पासून उशिराच्या प्रत्येक दिवसाला ५,००० रुपये भरपाईचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. सोबत तीन गोष्टी तपासा: सरसाईतली तारणाची नोंद बंद झाली का, सोसायटीच्या दप्तरातला बँकेचा बोजा निघाला का, आणि डीआरटीत प्रकरण चालू असेल तर बँकेने तडजोडीची पुरसिस (प्रकरण मिटल्याचे लेखी निवेदन) दाखल केली का.